कोकिळाच्या डोक्यावरची चुंबळ

मी चुंबळ आहे. जुन्या कापडाची, पिळून गोल गुंडाळलेली, वरून दोऱ्याने शिवलेली. बायका मला डोक्यावर ठेवतात आणि माझ्यावर लाकडाची मोळी. आता माझ्यावर काहीच नसतं. झुंबरबाईच्या घरात चुलीमागच्या खुंटीला मी टांगलेली आहे. तिथूनच बोलते.

माझा जन्मही याच घरातला. पद्मालयाच्या डोंगराखाली, एरंडोलपासून दोन कोसांवर हे आमचं गाव. कोकिळा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिची मोठी जाऊ झुंबरबाई तिला लाकडाला घेऊन निघाली. पहिल्याच दिवशी कोकिळाच्या टाळूला फोड आले. संध्याकाळी झुंबरबाईने आपलं हिरवं लुगडं फाडलं आणि ओसरीत बसून मला वळलं. "डोकं जपनं, मंग बठ्ठं जपनं," डोकं जपलं की सगळं जपलं, असं म्हणत तिने मला कोकिळाच्या डोक्यावर बसवून पाहिलं. जरा सैल वाटले, तेव्हा उसवून पुन्हा शिवलं.

घरची जमीन कोरडवाहू. पावसाळ्यात आणि कापूस वेचणीला हाताला काम असायचं, होळीनंतर काहीच नाही. मग दोघी जावा पहाटे जंगलात जायच्या. पडलेलं, वाळलेलं लाकूड गोळा करायचं, कुऱ्हाडीने सारख्या मापाने तोडायचं, दोरीने आवळायचं. दुसऱ्या दिवशी एरंडोलला विकायला न्यायचं. एक भज्यांचं हॉटेल, अजून बंबात पाणी तापवणारी दोन-तीन जुनी घरं, आणि मांडे करून विकणारी भाविकाताई. मांडे भाजायच्या तिच्या उपड्या मातीच्या खापराला गॅस चालत नाही. खापर लाल व्हायला बाभळीचा, अंजनाचा जाळ लागतो.

मोळी एकटीने डोक्यावर घेता येत नाही. म्हणजे घेता येते, पण कमरेचा काटा ढिला होतो. दोघी असल्या की एक उचलून देते. मग जिने उचलून दिली ती आपली मोळी झाडाच्या फांदीला टेकवते, खाली बसते आणि डोक्यावर घेऊन सरळ उठते. या दोघींमध्ये झुंबरबाई नेहमी आधी कोकिळाला उचलून द्यायची आणि स्वतः झाडाशी झगडायची. कोकिळाने कितीदा सांगितलं, एक दिवस तरी तू आधी घे. ती ऐकायची नाही.

झुंबरबाईचा नवरा मगन लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. कोकिळाचा नवरा प्रेमराज रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्यामुळे दोघींचं एकच घर झालं होतं. कोकिळाला मुलगी झाली, दिपमाला, तिला न्हाऊमाखू झुंबरबाईने घातलं. मुलगी तिला मोठी माय म्हणायची. माझं वरचं कापड विरलं तेव्हा त्या मुलीच्या आखूड झालेल्या फ्रॉकने मला मढवलं गेलं. निळी फुलं होती त्याच्यावर. रस्त्याने जाताना लोक हसायचे, कोकिळाला त्याचं काही वाटायचं नाही.

गेल्या वर्षी, आखाजीच्या थोडं आधी, दिपमालाचं लग्न झालं. धुळ्याकडे दिली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. लेकीची, आमच्या बोलीत आंडेरची, पहिली आखाजी म्हणजे खान्देशात काय असतं ते मी नव्याने सांगायला नको. लेक माहेरी येते, तिच्यासाठी झोका बांधायचा, मांडे करायचे, लेकीला साडी घ्यायची.

त्याच दिवसांत झुंबरबाईचा गुडघा सुजला. ती आठ दिवस घरी राहिली. भाविकाताईकडे कोकिळा एकटीच लाकूड टाकून येत होती. ताई म्हणाली, "तुझं लाकूड छान सुकलेलं असतं गं. यंदा आखाजीचं सगळं तूच आण." भाविकाताई मुळात झुंबरबाईचं गिऱ्हाईक, वीस वर्षांचं. कोकिळाने नाही म्हणायला हवं होतं. ती नाही म्हणाली नाही. वाटेत मला हातात घेऊन फिरवत राहिली, घरी गेल्यावर अक्काला, म्हणजे झुंबरबाईला, सांगू म्हणाली. घरी गेल्यावर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

झुंबरबाईला ते बाजारात खुद्द भाविकाताईकडूनच कळलं.

"मन्हं गिऱ्हाईक तोडाले तुले लाज नही वाटनी?" ती दारातूनच म्हणाली.

"आंडेरनी पहिली आखाजी शे, अक्का. तिले साडी लेवानी शे."

"मंग ती मन्ही आंडेर नही का? माले सांगती ते मीच साडी लई देती."

कोकिळा चुकली होती, आणि चुकलेलं माणूस कधी कधी जास्तच जोरात बोलतं. ती म्हणाली, "तुन्हा पोटनी नही ती."

मी खाटेवर पडलेली होते. झुंबरबाईचा चेहरा मला दिसला. ती गुडघा धरून ओसरीची पायरी उतरली आणि आपल्या खोलीत गेली. कोकिळा तिथेच उभी राहिली. शब्द तोंडातून निघाला त्याच क्षणी तिला तो परत हवा होता, हे तिच्या हातांवरून मला कळत होतं. तिने मला उचललं आणि उगाच माझे दोरे ओढत बसली.

त्यानंतर दोघी जंगलात वेगवेगळ्या जायला लागल्या. झुंबरबाई गुडघा बांधून पहाटेच निघायची. ती दिसू नये म्हणून कोकिळा उशिरा निघायची, आणि चैत्राच्या अखेरीचा उशीर म्हणजे आगच. रोज एकटीने मोळी उचलायची, रोज येताना ठरवायची की आज अक्काच्या पाया पडते. घरी आल्यावर अक्काचं दार लोटलेलं असायचं आणि हिची हिंमत व्हायची नाही.

आखाजी एका दिवसावर आली होती. त्या दिवशी कोकिळाने मोळी फार मोठी बांधली. शेवटची खेप म्हणून. बाटलीतलं पाणी बांधता बांधताच संपलं. मोळी अंजनाच्या फांदीला टेकवून ती खाली बसली, मला डोक्यावर नीट केलं, उठायला गेली. जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिच्या डोक्याचा ताप माझ्या सगळ्या थरांतून आरपार येत होता. आणि घाम नव्हता. रोज मी घामाने भिजायचे, त्या दिवशी मी कोरडी होते. तेव्हाच मला भीती वाटली.

तेवढ्यात वरच्या पायवाटेने झुंबरबाई आली. गुडघ्यामुळे तिलाही उशीर झाला होता. डोक्यावर मोळी.

कोकिळाने हाक मारली, "अक्का, हात लाव वं."

झुंबरबाई थांबली. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. ती वळली नाही. पाठ आमच्याकडे करून उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग पावलं पुढे पडली.

तिने कोकिळाचं तोंड पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर ती गेली नसती. एवढं मी शपथेवर सांगते.

कोकिळा झाडाच्या बुंध्याशी बसली. मला डोक्यावरून काढून तिने तोंड पुसलं, मग मला मानेखाली घेऊन आडवी झाली. तिला राग आला नव्हता. पुटपुटत होती, "येई ती. राग उतरना का येई." दोनदा म्हणाली. नंतर दिपमालाचं नाव घेतलं, मग काही शब्द लागले नाहीत.

आणि झुंबरबाई आली. डोक्यावर मोळी नव्हती, पदर नव्हता, लंगडत धावत आली. नाल्यापर्यंत जाऊन तिने मोळी फेकून दिली होती. "कोका, उठ वं. पानी पी." तिच्या बाटलीतलं पाणी ओठांच्या कडेने माझ्यावर सांडलं. कोकिळाने डोळे उघडले, पण त्या डोळ्यांना समोरचं माणूस दिसत नव्हतं. सुजल्या गुडघ्याने झुंबरबाईने तिला पाठीवर घेतलं. मी झुंबरबाईच्या मुठीत राहिले, तिच्याही नकळत. त्या वाटेवर ती एकदाही थांबली नाही. सडकेला रिक्षा मिळाली. दवाखान्यात मी पुन्हा कोकिळाच्या मानेखाली होते.

डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलं. अर्धा तास आधी आणलं असतं तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. झुंबरबाईने ते पुरं ऐकलं.

गावात सगळे म्हणाले, जाऊ असावी तर अशी. दुखऱ्या पायाने तिने कोकिळाला पाठीवर आणलं. प्रेमराज दिल्लीहून आला तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. ज्या दिवशी झोक्यावर बसायचं त्या दिवशी दिपमाला दारात आली. हातात लग्नातला चुडा तसाच होता. ती थेट झुंबरबाईच्या गळ्यात पडली. "मोठी माय, तू व्हती तिनाजोडे. मन्ही माय एकली नव्हती."

प्रत्येक जण चांगलं बोलत होता आणि झुंबरबाई दिवसेंदिवस सुकत होती. भाकरी मोडायची आणि तशीच ठेवायची.

तेराव्यानंतर दिपमाला सासरी निघाली. पिशवी भरून झाली होती. झुंबरबाईने तिला चुलीपाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. हाक, पाठ, नाला, सगळं. स्वतःची बाजू घेतली नाही. पोटचा तो शब्दही सांगितला नाही. तो सांगितला असता तर कदाचित तिचं ओझं हलकं झालं असतं. पण मेलेल्या बाईचा तो शब्द तिने तिच्या लेकीच्या कानावर जाऊ दिला नाही.

दिपमालाने एकच विचारलं, "कितला येळ?"

"नालालोंग गयी. मंग फिरनी."

पोरगी उठली, पिशवी घेतली, उंबरा ओलांडला. मागे बघितलं नाही. झुंबरबाई तिला हाक मारायला उठली आणि उंबऱ्यापाशीच थांबली.

कोकिळाच्या साड्या प्रेमराजने वाटून टाकल्या. मला कुणी वस्तू म्हणून मोजलंच नाही. झुंबरबाईने मला खुंटीला अडकवलं. तेव्हापासून ती जंगलात गेलेली नाही. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर एकटीची भाकर भाजते. दिपमालाला तिने शेजारच्या फोनवरून तीनदा फोन लावला. वाजून बंद झाला.

परवा पुन्हा आखाजी होती. आदल्या दिवशी झुंबरबाईने ओसरी सारवली, निंबाला झोका बांधून घेतला. शेजारणी विचारत होत्या, कुणासाठी. सकाळीच ती एरंडोलच्या एसटी स्टँडवर जाऊन बसली. धुळ्याकडून येणारी प्रत्येक गाडी तिने पाहिली म्हणे. लेकी उतरत होत्या, पोरं कडेवर, पिशव्या हातात, कुणाचे बाप घ्यायला आलेले. शेवटची गाडी गेल्यावर ती चालत घरी आली. झोका सोडला नाही. अजून तो तसाच लोंबतोय, वाऱ्याने हलतो तेव्हा ती दाराकडे बघते.

मला तोंड असतं तर कोकिळाचे शेवटचे शब्द मी झुंबरबाईला केव्हाच सांगितले असते. पण मी कापड आणि दोरा. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी धुळ्याकडचं असेल आणि दिपमाला नावाची, लग्नाला वर्ष उलटलेली एखादी पोरगी भेटली, तर तिला इतकंच सांगा: तुझी माय रागावून गेली नाही. मोठ्या मायची वाट पाहत गेली. आणि आता ती मोठी माय तुझी वाट पाहते आहे. फार दिवस पाहवणार नाही तिच्याने.