लंबकाच्या खुणा

"चारला दार उघडणार. तोवर टिल्ट लागला तर हे मशीन राहील, नाहीतर टेम्पो बाहेर उभाच आहे," मालक म्हणाला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने हत्यारांची पेटी जमिनीवर ठेवली. पेटी बाबांची. त्यांना जाऊन एकवीस दिवस झाले होते.

बत्तीस वर्षं या खेळघरातली पिनबॉलची मशिनं बाबांनीच जगवली. आठांतलं हे एकच उरलं होतं. गेल्या आठवड्यात एका दांडग्या गिऱ्हाइकाने ते असं गदागदा हलवलं की मशीन सरकून भिंतीवर आपटलं, काच तडकली, तरी खेळ आपला चालूच. एवढ्या धक्क्याने खेळ बंद पडायला हवा. त्यालाच टिल्ट म्हणतात. तोच लागत नव्हता.

शेजारी नवं मशीन येऊन बसलं होतं. पोटात पोलादी गोळी नाही, सगळा खेळ पडद्यावर.

"याला मिस्त्री लागत नाही," मालक म्हणाला. "पोरी, काका म्हणून सांगतो, नोकरी सांभाळून तू कशाला हात घाण करतेस?"

"अर्धा दिवस रजा टाकलीय, काका. तेवढं करू द्या."

तिने काच काढली, खेळाची फळी उचलून टेकवली आणि टॉर्च तोंडात धरला. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबांना टॉर्च धरायचं काम तिचंच असे. तारा शाबूत. जोड शाबूत. साडेतीन वाजले. तिने कोपऱ्यातल्या लंबकाला बोट लावलं. पितळी कडीच्या मधोमध लोंबणारं, गाजरासारखं निमुळतं वजन. मशीन जोरात हललं की ते कडीला टेकतं आणि खेळ संपतो. वजन डोललं, पण कडीला शिवलं नाही. ते इतकं वर सरकवलेलं होतं की कडीत नुसतं त्याचं टोक उरलं होतं.

बिघाड नव्हताच. कुणीतरी ते मुद्दाम वर चढवलं होतं.

मग तिला बाजूच्या लाकडावरच्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. सर्वांत खाली एक जुनी रेघ, तिच्यावर एकेक करत सहा. प्रत्येकीपुढे बाबांच्या बारीक अक्षरात तारीख. खालून दुसरी साडेतीन वर्षांपूर्वीची. वरच्या तारखांचं अक्षर वेडंवाकडं होत गेलेलं.

हात कापतात हे बाबांनी तिला सांगितलं गेल्या वर्षी. त्याआधी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, तेव्हा तिने विचारलं होतं. "गरम लागतो गं हाताला," ते म्हणाले होते, आणि तिला ते पटलंही होतं. रोज दार उघडण्याआधी मालकासमोर एक डाव खेळून मशीन पास करायचा बाबांचा शिरस्ता. हाताला झटका बसला की टिल्ट लागणार, मालकाला कळणार. म्हणून लंबक वर. आणखी वर.

दवाखान्यात तिने त्यांना टॅबलेटवर पिनबॉल लावून दिला होता. गोळी कडेला निघाली की ते सवयीने पलंगावरचं टेबलच ढकलायचे.

"आजोबा, टेबल नका ढकलू, मशीन नाहीये ते," नर्स म्हणायची.

"म्हणून तर खेळतोय," बाबा म्हणायचे. एकदा खेळता खेळता ते हळूच बोलले, "चांगलं आहे हे. यात हात कसा आहे ते कळत नाही."

ती त्यांची तक्रार आहे असं तिला वाटलं होतं. तिने त्यांच्या हातातून टॅबलेट काढून घेतला होता. "राहू द्या बाबा, खऱ्याची सर नाही याला."

त्यांनी तो परत मागितला नाही.

"पावणेचार झाले. सापडलं का काही?" मालक वाकून बघायला पुढे आला.

तिने झटकन खांदा पुढे करून रेघा झाकल्या. "सापडलं. स्क्रू सैल झाला होता."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने वजन खाली आणलं, सहा रेघा ओलांडून सर्वांत खालच्या रेघेवर, आणि स्क्रू आवळला. दोनदा पेचकस घसरला. फळी खाली, वर काच.

"खेळून दाखव," मालक म्हणाला.

तिने गोळी सोडली. दोन्ही हात मशीनच्या कडांवर ठेवले. बाबांच्या तळव्यांनी वार्निश उडालेल्या दोन जागा होत्या, तिथेच. गोळी तीनदा वर गेली, घंटा वाजल्या, आणि मग ती सरळ मधल्या फटीकडे यायला लागली. ही गोळी जाऊ देऊन टिल्ट पुढच्या गोळीला दाखवला असता तरी चाललं असतं. पण तिला ती वाचवायची होती. तिने अंगातल्या सगळ्या जोराने मशीन ढकललं.

दिवे गेले. घंटा थांबल्या. गोळी गडगडत आत गेली.

"लागला," मालक म्हणाला आणि टेम्पोवाल्याला परत पाठवायला बाहेर गेला.

तिने हात काढले नाहीत. काचेखाली सगळं विझलं होतं, आणि आत कुठेतरी लंबक अजून कडीवर बारीक टकटकत होता.