रिपोर्टातला फॉस्फरस

पशुखाद्याच्या कारखान्याच्या मालकाला आपण फार हुशार आहोत असं वाटायचं, आणि पगारावरची माणसं त्याला तसंच वाटू द्यायची. एकदा त्याने कोंबडीखाद्याचे दोन नमुने तपासून घेतले. एकात फायटेज नावाची पावडर होती, दुसऱ्यात नव्हती. हाडांना लागणारा फॉस्फरस दोन्हीत सारखाच निघाला. झालं! स्वारी हरखली.

"काढून टाका ती पावडर. उगाच मिरवतेय."

कारखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो साहेब, दाण्यात फॉस्फरस असतोच, पण कुलूपबंद. कोंबडीला तो पचत नाही. फायटेज ते कुलूप उघडतं. त्याच्या भरवशावर तर आपण फॉस्फरसचं वेगळं खनिज कमी घालतो!"

"बाई, रिपोर्ट खोटा बोलत नाही."

"रिपोर्ट पेटीत किती आहे ते सांगतो. पेटी उघडली का, ते नाही सांगत."

एवढं खरं बोलल्यावर बाईंची रवानगी गोदामात झाली, पोत्यांवर शिक्के मारायला.

नवा माल मालकाने हौसेने आधी आत्याकडे धाडला. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते हिने. तिचं घर चालायचं ते आठशे कोंबड्यांच्या अंड्यांवर. दीड महिन्यात अंडी बोटाने दबायला लागली. मग कोंबड्या बसल्या त्या उठेनात. आत्याने फोन केला, तर हा म्हणे हवा बदललीय. पुन्हा केला, तर म्हणे पाणी बदल. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! तिसरा फोन आलाच नाही, तेव्हा कुठे तो खुर्चीतून उठला. रिपोर्ट घेऊन तो धावला.

"मोठ्याने वाच," आजारी कोंबड्यांच्या शेडमध्ये आत्या म्हणाली. "यांनाही ऐकू दे."

त्याने वाचला. एकही कोंबडी हलली नाही.

"फॉस्फरस भरपूर आहे गं, आत्या."

"हो का? मग एकीला उभी करून दाखव."

त्याने बाह्या सरसावल्या, जवळची कोंबडी उचलून पायांवर टेकवली. कट् असा बारीक आवाज झाला. कोंबडी ओरडलीसुद्धा नाही. मोडलेला पाय त्याच्या बोटांत लोंबत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, माझं चुकलं. मीच ती पावडर काढली."

"माहीत आहे. परवा तुझ्या त्या गोदामातल्या बाईंचा फोन आला, तेव्हाच मी खाद्य बदललं. बाकीच्या सावरतील. या साठ आता उठायच्या नाहीत. तूच एकेक बाहेर काढ," आत्या म्हणाली. "आणि हळू धर."