रेघेअलीकडचा नमस्कार

काल्याचं कीर्तन अर्ध्यावर ठेवून बुवाच टीव्हीपुढं बसला, असं कंग्राळीत कधी घडलं नव्हतं. पण त्या सकाळी नागोजीबुवांचा पोरगा आदर्श परदेशात, कितीतरी देशांच्या क्रीडास्पर्धेत, सांघिक तिरंदाजीच्या सुवर्णपदकासाठी उभा होता. सभामंडपात निरूपणाकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. पखवाजावरचा भावकूसुद्धा ठेका चुकायला लागला, तेव्हा बुवा हसले.

"लाव रं बाबा एकदाचा टीव्ही. देव बी बघंल की."

आदर्श फौजेत भरती झाला आणि तिथं त्याच्या हाती धनुष्य आलं. बुवांना त्याच्या बाणातलं फारसं कळत नसे. कळायचा तो त्याचा नमस्कार. लहानपणी तो टाळ घेऊन बापामागं उभा राहायचा. कीर्तनाच्या गादीवर पाय ठेवण्याआधी वाकून हात लावायचा, तो कपाळी न्यायचा, ही बुवांची शिकवण. 'जिथं उभारून काम करायचं, त्या जागंची आधी परवानगी घ्यावी.' पोरानं ती सोडली नव्हती. दर बाणाआधी तो रेघेपाशी वाकायचा, आणि टीव्हीपुढच्या बायका कौतुकानं बुवांकडं बघायच्या.

"तिघंजण असत्यात आप्पा," लेक रूपाली समजावत होती. "एकानं जायाचं, बाण मारून मागं यायाचं. तो रेघंमागं आल्याबगर दुसऱ्यानं पाय टाकायचा न्हाय. आन् तिघांत मिळून घड्याळ एकच."

"आपल्या टाळकऱ्यांस्नी बी शिकीव की गं हे. एक संपीस्तवर दुसरा घुसतोय."

पहिला डाव आपल्या पोरांनी मारला. दुसऱ्यात वारं सुटलं. पहिल्या दोघांनी बाण सोडायला लई वेळ लावला. शेवटची पाळी आदर्शची. घड्याळ पळत होतं, आणि जोडीदार अजून मागं वळतच होता. नमस्काराला लागणारा वेळ वाचवावा म्हणून आदर्श तेवढ्यातच वाकला. वाकताना पुढचा पाय रेघेपलीकडं पडला.

पंचानं पिवळं कार्ड वर धरलं.

"काय झालं गं?"

"पाय आधी पडला, आप्पा. आता मागं जाऊन पुन्ना यायाचं."

तो मागं गेला, परत आला, धनुष्य उचललं, आणि भोंगा वाजला. बाण धनुष्यावरच राहिला. डाव गेला.

भावकूचा हात पखवाजावर तसाच उचललेला राहिला. मागून कुणीतरी हळूच बोललं, "नमस्कारानं घालीवलं बघ."

भर कीर्तनात कुणी डोईचा फेटा उचलून न्यावा, तसे बुवा उघडे पडले. शिकवण कुणाची, हे गावाला ठाऊक होतं.

तिसऱ्या डावात आदर्श अर्धा वाकला, दचकून सरळ झाला, आणि बाण आठावर बसला. डाव बरोबरीत सुटला. चौथ्यात सगळं पुन्हा त्याच्याच शेवटच्या बाणावर आलं.

"धा मारला तर सोनं," रूपाली म्हणाली.

बुवांनी डोळे मिटून हात जोडले. आणि आतून जे आलं, ते ऐकून तेच हबकले. 'पांडुरंगा, आज त्याला वाकू दिऊ नको.'

डोळे उघडले तेव्हा जोडीदार मागं आला होता. आदर्श वाकला नाही. रेघेकडं त्यानं बघितलंही नाही. परक्याच्या रानातून चालावं तसा सरळ गेला, दोरी ओढली, सोडली.

मधोमध. दहा.

सभामंडप उठला. पखवाज घुमला, काल्याच्या लाह्या आत्ताच उधळल्या गेल्या. बुवा मात्र बसूनच. देवाकडं आजवर मागितलेलं अर्धं मिळालं नव्हतं, पावसापासून पोरीच्या नोकरीपर्यंत. आणि जे मागायला नको होतं, ते तोंडातून निघायच्या आत पदरात पडलं होतं.

थोड्या वेळानं आदर्शचा फोन आला, तो रूपालीनं पुढं धरला.

"आप्पा, शेवटच्याला पाया पडायचं ऱ्हायलं. ध्यानातच आलं न्हाय. असं कधी झालं नव्हतं."

"तुझ्या ध्यानातनं मीच काढलं, लेकरा."

"म्हंजे?"

"इठोबाला सांगितलं, पोराला आज वाकू दिऊ नको म्हणून."

"तुम्ही, आप्पा? तुम्ही सांगितलंसा?"

"व्हय. कुणाला बोलू नको."

पण रूपालीनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता. सगळा सभामंडप बुवांकडं बघत राहिला. मग पहिल्यांदा भावकू हसला, आणि त्याच्यामागं सगळी.

"आता कीर्तन पुरं करा, आप्पा," फोनमधून आदर्श म्हणाला. "माझा बी एक नमस्कार घाला त्यात."

बुवा उठले. गादीपाशी येऊन वाकले, आणि थबकले. पेढ्यांचा पुडा घेऊन भावकू गादीवरूनच पलीकडं चालला होता. तो पुरता उतरेपर्यंत बुवांनी हात हवेतच धरला. मग जमिनीला टेकवला, कपाळी नेला, आणि पुन्हा एकदा टेकवला.