ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं

मित्रांनो, मी हॅम रेडिओचा एक जुना संच आहे. हौशी लोक सरकारी परवाना काढून माझ्यावरून दूरदूरच्या माणसांशी बोलतात. अमरावतीचे वकील मोरोपंत यांच्या टेबलावर मी एकवीस वर्षं काढली. ते रोज मला फडक्यानं पुसत.

ते वारल्यावर त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी मला विकायला काढलं. अकोल्याच्या आयटीआयत शिकवणारा गोपाल मला घ्यायला आला, तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही. म्हणाल्या, "ऐकू सगळं येतं. पण जरा जास्त वेळ बोललं की तापतो आणि मुका होतो."

गोपालनं घरी नेऊन मला उघडलं. आवाज बाहेर पाठवणारा माझा ट्रान्झिस्टर जळत आला होता. त्यानं नवा बसवला, दोन मिनिटं बोलून पाहिलं आणि खूश झाला. त्याच्यासारखीच परवाना असलेली आरती अकोल्यातच राहायची. ती म्हणाली, "तासभर बोलून पाह्य, मंगच भरवसा ठेव." गोपालनं ते हसण्यावारी नेलं.

पुढच्या रविवारी तो आणि त्याचा मित्र श्रावण मला घेऊन चिखलदऱ्याच्या पुढे गेले. उंचावरून आवाज लांब जातो. गाडी खाली ठेवून, बॅटरी खांद्यावर घेऊन ते दोन कोस चढले. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. तासभर नुसतं ऐकण्यात गेला. मग श्रावण माझी एरियलची तार झाडाला नीट ताणून बांधायला गेला आणि गवतात त्याच्या पायाला साप चावला.

गोपालनं माझा माइक उचलला. अकोल्याहून आरतीनं लगेच उत्तर दिलं. त्यानं साप चावल्याचं सांगितलं, घाबरून तेच तीन-चार मिनिटं पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि जागेचं नाव घेणार तोच मी मुका झालो.

तिचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. "गोपाल, कुठं हायेस? जागा सांग. मी ऐकून राहिली."

गोपाल माइकचं बटण दाबत राहिला. पंधरा मिनिटं त्यात गेली. मग त्यानं श्रावणला पाठीवर घेतलं. गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच श्रावण गेला.

तेराव्यानंतर गोपालनं मला पुन्हा उघडलं. नवा ट्रान्झिस्टर चांगला होता. त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या पट्टीवर त्याला आवळणारा स्क्रू मात्र ढिला होता. तो गोपालनंच लावला होता.

श्रावणची बायको माणिकबाई आली, तेव्हा मी तसाच उघडा पडलो होतो. तिनं विचारलं, "तिकडून कोणी बोलत होतं म्हणे?"

"हो."

"मंग त्यायनं कोणाले धाडलं काहून नाही?"

गोपालनं स्क्रूची गोष्ट तिला सांगितली. काहीच लपवलं नाही. ती ऐकून उठली आणि घरी गेली. त्या दिवसापासून ती त्याच्या दारी आली नाही.

मित्रांनो, जुनी यंत्रं जरूर घ्या, दुरुस्त करा. आम्हालाही पुन्हा कामाला यावंसं वाटतं. पण दोन मिनिटांत आमच्यावर विश्वास टाकू नका. स्क्रू आवळा, तासभर चालवून पाहा, आणि तेही घरी, जिथून हाक मारली तर शेजारी धावून येईल.