डावीकडे झुकलेल्या खुणा

नेहमीसारखं बाकीचे कारागीर घरी गेल्यावर हेस्टरने हातोडीचा शेवटचा घाव घातला आणि चांदीचा पेला वडिलांपुढे ठेवला. पृष्ठभागावरच्या खुणा तिने घासून काढल्या नाहीत. काम यंत्राचं नव्हे, हाताचं आहे, हे दिसावं म्हणून त्यांच्या कारखान्यात त्या तशाच राखत.

तिचे वडील एनॉक टँडी यांनी पेला खिडकीपाशी नेला. नऊ वर्षांपासून त्यांचे हात थरथरत होते. ते कोपर पोटाशी दाबून धरत, आणि हेस्टर तेवढ्यात चिमटे आवरायला घेई. या विषयावर दोघं कधीच बोलली नव्हती.

"कानाचा जोड जाड झालाय. पावावर लोणी थापतेस की काय?"

"तुम्हीच शिकवलंत थापायला."

"उलट बोलायलाही मीच शिकवलं असेल."

त्यांनी आपल्या नावाचा पोलादी ठसा उचलला. घडवणाऱ्याचा ठसा बुडावर उमटल्याशिवाय चांदी शुद्धतेचा कस तपासून घ्यायला बर्मिंगहॅमला जात नसे. ठसा नेहमी तेच मारत. आज त्यांनी बुडाकडे बराच वेळ पाहिलं आणि तो खाली ठेवला.

"यावर मी मारणार नाही."

"काही चुकलंय?"

"चहा टाक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

दफनाला आठवडा झाल्यावर सगळे कारागीर बाकाभोवती जमले. पेला लंडनच्या प्रदर्शनात जायचा होता. कारखान्याचे प्रमुख लव्हरिजकाका तो उजेडात फिरवत होते.

"एनॉकचा हात. लाखात ओळखू येतो." त्यांनी टँडींचा ठसा तिच्यापुढे सरकवला. "तूच मार, पोरी. शेवटचं काम त्याच्या नावानं जाऊ दे."

हेस्टरने सवयीने हातोडी डाव्या हातात घेतली. पेल्यावरच्या खुणा वाऱ्यातल्या गव्हासारख्या डावीकडे झुकल्या होत्या. बाबा उजव्या हाताचे. नऊ वर्षं प्रत्येक पेला त्यांनी याच खिडकीत असा फिरवून पाहिला होता.

तिने ठसा जिथल्या तिथे ठेवला.

"हे बाबांचं काम नाही."

मग कोपऱ्यातून म्हातारा जेथ्रो खाकरला.

"तरीच. म्हटलं, एनॉक साठीला येऊन डावखुरा कसा झाला."

कोणीतरी हसलं. हेस्टरही हसली, आणि मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी केलाय. नऊ वर्षांतलं सगळं मीच केलंय, आणि बाबांना ते ठाऊक होतं. पेला दोन दिवस थांबू दे, लव्हरिजकाका. आधी माझ्या नावाचा ठसा करून घेऊ."