किरकोळचा रकाना

"वर्षभर घरून एक पैसा मागणार नाही," असं मी निघताना विमानतळावर सत्तावीस नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं. तेही पुराव्यासकट. माझ्याकडे एक्सेलची शीट होती. बेचाळीस ओळी, बारा महिने, आणि खाली हिरव्यागार रंगात शिल्लक. मी चाललोच होतो फायनान्स शिकायला, तेव्हा परदेशातला राहण्याखाण्याचा खर्च म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ.

बाबा शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी त्या शीटची प्रिंट काढून लॅमिनेट केली. मामाने तिची झेरॉक्स घेतली. त्याची मुलगी, आमची चिमणी, पुढच्या वर्षी माझ्याच विद्यापीठात येणार होती, आणि तिच्यासाठी कर्ज किती काढायचं हे माझी शीट ठरवणार होती.

तिसऱ्या महिन्यात शीटने मान टाकली. इथे भाडं आठवड्याला द्यायचं असतं. मी महिन्याचे आठवडे धरले चार. बारा चोक अठ्ठेचाळीस. वर्षात आठवडे बावन्न असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण महिन्यातला पाचवा शुक्रवार उजाडला आणि घरमालकीण दारात उभी राहिली, तेव्हा माझ्याकडे तिच्यासाठी ओळच नव्हती.

बाबांना मात्र दर एक तारखेला ताजी शीट लागायची. म्हणून मी दोन फाइली केल्या. एक 'घरची' आणि एक 'खरी'. घरचीत सगळं हिरवं. खरीत सगळं लाल, आणि तिच्यात सगळ्यात जाड झालेला रकाना किरकोळचा. ही आमच्या घराण्याची जुनी सोय. ज्या खर्चाचं कारण तोंडाने सांगता येत नाही, तो बाबा किरकोळमध्ये टाकतात आणि शेजारी बारीक अक्षरात खुलासा लिहितात. मीही लिहायचो. सवय.

खुलासे असे. वीज वाचवायला मी दोन दिवस फ्रिज बंद ठेवला. त्यात खोलीतल्या जोडीदाराचं आठवड्याभराचं चिकन होतं. त्याला आम्ही पैलवान म्हणतो. भरपाई तो मागेल तेवढी दिली. मग न्हाव्याचे पैसे वाचवायला मी स्वतःचे केस स्वतः कापले. ज्या दुकानात मी गल्ल्यावर बसायचो तिथल्या मॅनेजरने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "केस वाढेपर्यंत आत गोदामात खोकी लाव. गिऱ्हाइकं बिचकतात." गोदामात तास कमी, म्हणून पगारही कमी.

शेवटी मी विद्यापीठाच्या सूचना फलकावर जिथे जिथे 'अल्पोपाहार' दिसेल तिथे जायला लागलो. एकदा नवमातांच्या बैठकीला गेलो. तिथे प्रत्येकाला एक बाहुली आंघोळ घालायला दिली. मी घातली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या बाळाला कितवा महिना?"

"सातवा," मी म्हटलं. मला इथे येऊन सातवाच होता.

चार सँडविच मिळाली. दोन खिशात. खरीत नोंद केली: नवमाता बैठक, सँडविच ४, खर्च शून्य, लाज भरपूर.

मग विद्यार्थी कल्याण कार्यालयात अडचणीतल्यांना मदत मिळते असं कळलं. अर्जाला खर्चाचा तपशील जोडायचा होता. मी खरीच द्यायला गेलो होतो, देवाशपथ. पण तिथल्या बाईंना अगदी बाबांसारखा, नाकाच्या शेंड्यावर घसरणारा चष्मा होता. त्या चष्म्यासमोर हात आपोआप घरचीवर गेला.

शीट मराठीत, अक्षरं त्यांना कळेनात, म्हणून मी एकेक ओळ समजावली. आकडे त्यांना चांगलेच कळले.

"तुमची तर दर महिन्याला शिल्लक पडते."

"हो."

"मग मदत कशासाठी?"

"सहज," मी म्हणालो.

मदत मिळाली नाही, व्याख्यान मिळालं. नव्या विद्यार्थ्यांना 'काटकसरीने कसं राहावं' हे मी सांगायचं, कार्यक्रम इंटरनेटवरही दिसणार, नंतर अल्पोपाहार. तो शेवटचा शब्द ऐकून मी होकार दिला. आणि जित्याची खोड म्हणा, लिंक घरच्या ग्रुपवर टाकली.

आदल्या दिवशी चिमणीचा फोन आला. "दादा, खरं सांग, एवढ्यात भागतं? पप्पा परवा कर्जाचा अर्ज भरतायत. तुझाच आकडा टाकणार आहेत."

"भागतं गं. उरतात वर."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, शीट आहे ना."

फोन ठेवला आणि पालथा घातला, जसा काही त्यातून ती मला बघत होती. पोरगी उद्या इथे येऊन बाहुल्यांना आंघोळी घालणार, आणि ते माझ्या आकड्यामुळे. परत फोन लावून सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात साठ पोरं. मी लॅपटॉप जोडला, फाइल उघडली आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर उघडली 'खरी'. बंद करायला गेलो तर लॅपटॉप अडकला. नवा लॅपटॉप 'पुढे बघू' या ओळीत होता.

मग लक्षात आलं, सभागृहात मराठी वाचणारं कोणीच नाही. जीव भांड्यात पडला. मी लाल आकड्यांसमोर उभा राहून बचतीवर बोलायला लागलो.

एका मुलीने हात वर केला. "हे सगळं लाल का आहे?"

"आमच्याकडे लाल रंग शुभ असतो."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. अकरा वेळा थरथरला. मराठी वाचणारे सत्तावीस जण घरी टीव्हीला मोबाइल जोडून बसले होते.

टाळ्या झाल्यावर मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. आधी मामा आला. "भाचेबुवा, अर्ज थांबवलाय. पहिल्यापासून लिहू. या खेपेला आठवडे मी मोजतो." मागून चिमणी ओरडली, "आणि केस कुठे कापू नयेत तेही कळलं."

मग बाबा.

"नवमाता कोण रे?"

"बाबा, सांगतो नंतर."

"किरकोळ फार झालंय तुझं."

"हो."

"माझ्याही वहीत झालंय. तुझ्या फीला स्कूटर विकली, ती तिथेच टाकलीय." खाकरले, आवाज खाली आणला. "खुलासा लिहिला नाही, आई वाचते म्हणून. तिला दुरुस्तीला दिलीय म्हणून सांगितलंय. हल्ली चालतच जातो. पायाला बरं असतं."

व्हरांड्याची फरशी मी आजवर एवढी नीट पाहिली नव्हती.

"जेवलास का?"

"जेवतोच आहे आता."

फोन ठेवून मी सभागृहात परत गेलो. सँडविच संपली होती. खरीत त्या दिवसाच्या जेवणाच्या खर्चापुढे मी सकाळीच शून्य भरून ठेवलं होतं.