केहिंदेच्या गालावरचा तीळ

मी एक ब्रश बोलतोय. भिंती रंगवणारा नव्हे हो. जपून ठेवला नाही तर कुणी दात कोरायला नेईल, इतका बारीक. इसेयिन गावच्या बाजाराजवळ लासिसींचा फोटो स्टुडिओ होता, तिथे मी कामाला.

अंधाऱ्या खोलीत छापलेला फोटो धुऊन वाळला की त्यावर धुळीचे पांढरे ठिपके दिसायचे. लासिसी मला जिभेवर टेकवून टोक काढायचे, शाईत बुडवायचे आणि एकेक ठिपका झाकायचे. त्यांची जीभ कायम काळी, यावरून बायको त्यांना चिडवायची. गिऱ्हाइकांना तर सुरकुत्यासुद्धा नको असायच्या. माणसांना स्वतःचा चेहरा आहे तसा का चालत नाही, देव जाणे.

एकदा अबेके आली. गाव तिला इया इबेजी म्हणायचं, म्हणजे जुळ्यांची आई. पण बोटाशी एकटी ताइवो होती, पाच-सहा वर्षांची. तिची जुळी बहीण केहिंदे गोवरात गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता.

अशा वेळी आमच्याकडे करतात तेच लासिसींनी केलं. ताइवोला आधी डाव्या खुर्चीवर बसवून फोटो काढला, मग उजव्या. छापताना कागदाचा अर्धा भाग झाकून एक उतरवला, मग दुसरा. लाल दिव्याखाली रसायनात दोन बहिणी शेजारी शेजारी उमटल्या.

अबेकेला धीर नव्हता, म्हणून ओला फोटोच दाखवला. तिनं दोन्ही चेहरे जवळून न्याहाळले.

"बाबा, या दोन्ही ताइवोच. माझ्या केहिंदेच्या गालावर तीळ होता."

"काढतो की. कुठल्या गालावर?"

ती उजवा म्हणाली, मग डावा, मग खालीच बसली. "आई ना मी तिची? मला कसं आठवत नाही?"

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात ताइवो पुढे झाली आणि तिनं ओल्या फोटोवर सरळ बोट दाबलं. "इथे. झोपताना मी इथे बोट ठेवायचे."

एरवी ओल्या फोटोला कुणी हात लावला तर लासिसी स्टुडिओ डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी फोटो अलगद वाळत घातला. फोटो वाळला, बोटाचा ठसा तसाच राहिला. त्या ठशाच्या मधोमध आम्ही तीळ ठेवला. जन्मभर झाकाझाकी केली, पण हे काम मला सगळ्यात प्रिय. अबेकेनं फोटो छातीशी धरला आणि ताइवोला म्हणाली, "चल घरी. तुम्हा दोघींसाठी चवळी शिजवायचीय."

आता माझे चारच केस उरलेत. लासिसी गेले. त्यांची मुलगी संगणकावर दुकान चालवते आणि मी दुधाच्या रिकाम्या डब्यात पडून असतो.

परवा एक बाई तोच फोटो घेऊन आली, नवी प्रत हवी होती. लासिसींची मुलगी म्हणाली, "ताई, हा बोटाचा डाग घालवते हं, लगेच होईल."

माझा जीव खालीवर झाला. नको गं, पोरी, तेवढा पुसू नकोस! पण ब्रशाचं कोण ऐकतं?

बाईनं ठशावर बोट ठेवलं. आता ते त्यात मावत नव्हतं.

"राहू दे," ताइवो म्हणाली. "तिथे माझं बोट असल्याशिवाय तिला झोप यायची नाही."

एवढं कानावर पडलं, भरून पावलो. आता मला खुशाल फेकून द्या.